विंडसर गिल्डहॉल : छताला न टेकलेल्या खांबांचे प्रकरण

इंग्लंडमधल्या विंडसरचा किल्ला पाहून बाहेर पडलेला प्रवासी हाय स्ट्रीटवर थोडा खाली आला की डाव्या-उजव्या दुकानांमध्ये विटांची एक इमारत दिसते. खालचा मजला खांबांवर उघडा, वर उंच खिडक्यांचे दालन, टोकाच्या कोनाड्यात राणीचा पुतळा. हा विंडसरचा गिल्डहॉल, म्हणजे या छोट्या गावाचा टाउन हॉल. वाटाडे लोकांना इथे थांबवतात आणि वर बघायला सांगतात. खालच्या उघड्या दालनाच्या आत जे खांब उभे आहेत ते छताला टेकतच नाहीत. माथा आणि छत यांच्यामध्ये फट आहे.

गोष्ट अशी सांगतात : वास्तुविशारद सर ख्रिस्तोफर रेन यांनी वरच्या मजल्याचा सगळा भार कडेच्या खांबांवर पेलला होता. नगरसेवकांना ते पटेना. एवढे जड दालन मधे आधार नसताना डोक्यावर कोसळेल, म्हणून त्यांनी आत आणखी खांब घालायचा हट्ट धरला. रेननी खांब घातले, पण मुद्दाम किंचित आखूड ठेवले. तीनशे वर्षे झाली, इमारत उभी आहे, म्हणजे रेन बरोबर आणि नगरसेवक मूर्ख.

गोष्ट छान आहे आणि ती परंपरेने चालत आली आहे, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येते. पण खांब आणि फट खरीच आहेत. म्हणून इथे गोष्ट बाजूला ठेवून फटीचा विचार केला आहे : ती का राहिली असेल, ती तपासायची कशी, आणि कुणी ती ‘दुरुस्त’ करायला निघाला तर काय होईल.

इमारत कुणाची

विंडसरला पहिल्या एडवर्ड राजाने 1277 मध्ये सनद दिली. आजच्या इमारतीचे काम 1687 मध्ये सुरू झाले ते सर थॉमस फिट्झ यांच्या हाताखाली. ते सिंक पोर्ट्स या बंदरांचे सर्वेक्षक होते. 1689 मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि उरलेले काम रेनकडे आले. एकूण खर्च 2,687 पौंड, 1 शिलिंग, 6 पेन्स. त्या काळी 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड, त्यामुळे हिशेब असा तीन घरांत लिहिला जाई. शेवटच्या सहा पेन्सांपर्यंत आकडा नोंदवणारी नगरपालिका खांबांच्या दगडाचे पैसे कुठे ना कुठे लिहून ठेवणारच, ही गोष्ट पुढे उपयोगी पडते.

म्हणजे मूळ मांडणी रेनची नाही. पाया आणि खालचे खांब हे निर्णय काम सुरू होताना घ्यावे लागतात, आणि तेव्हा रेन चित्रात नव्हते. तरीही त्यांचे नाव इथे चिकटले याचे कारण उघड आहे. त्यांचे वडील 1635 पासून विंडसरचे डीन, म्हणजे किल्ल्यातल्या चर्चचे प्रमुख होते, 1684 पासून स्वतः रेन किल्ल्यावरच्या कामांचे कंट्रोलर होते, आणि 1689 व 1690 मध्ये ते याच गावातून पार्लमेंटवर निवडून आले. दोन्ही निवडी रद्द ठरल्या हा भाग वेगळा. गावातल्या माणसाचे नाव गावातल्या इमारतीला लागते. फिट्झ यांना आज कुणी ओळखत नाही.

खाली बाजार, वर सभा

इंग्लंडमधल्या छोट्या गावांनी शेकडो वर्षे टाउन हॉलची एकच घडण वापरली. खाली चहूबाजूंनी उघडे दालन, त्यात धान्याचा बाजार; वर एकच मोठी खोली, तिथे नगरपालिकेची सभा आणि न्यायालय. विंडसरपासून फार दूर नसलेल्या ॲबिंग्डनचा काउंटी हॉल याच घडणीचा आणि याच्याआधी थोडीच वर्षे, 1678 ते 1682 दरम्यान बांधलेला. तो ख्रिस्तोफर केम्पस्टर या पाथरवटाने बांधला, आणि हा केम्पस्टर रेनच्या हाताखाली काम केलेला.

या घडणीमागे पैशाचा हिशेब आहे. बाजारातल्या विक्रीवर नगरपालिकेचा कर, त्यामुळे विक्री डोळ्यांसमोर आणि एका छपराखाली हवी. सरकारी मापे आणि तराजू तिथेच. धान्याला पाऊस नको पण वारा हवा, म्हणून भिंती नकोत. आणि वरच्या खोलीला वेगळी जागा विकत घ्यायला नको.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही घडण उलटी आहे. जड काय? विटांच्या भिंती, छप्पर, गर्दी. ते सगळे वर. हलके आणि मोकळे काय? खालचा मजला. वरच्या भिंतींचे वजन कमानी किंवा दगडी पट्ट्यांवरून कडेच्या खांबांत उतरवता येते. ते अवघड नाही, कारण दगडाला दाब सोसतो. अडचण वरच्या खोलीच्या जमिनीची आहे. ती लाकडी, आणि तिला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत विनाआधार जायचे. आपल्या वाड्यांत खण लहान ठेवून, दर खणाला लाकडी खांब आणि त्याखाली दगडी उथाळे देऊन हा प्रश्न मिटवला जाई. धान्यबाजारात गाड्या आणि पोती फिरवायची, तिथे दर आठ हातांवर खांब चालत नाही.

तुळईचा हिशेब

पुढचे आकडे विंडसरचे मोजमाप नाही, केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. पण अशा इमारतींत ते अवास्तव नाहीत.

धरा, ओकच्या तुळया 8 मीटर लांबीला विनाआधार, एकमेकींपासून 3 मीटरवर, आडवा छेद 300 बाय 350 मिलिमीटर. कड्या (तुळयांवर आडवी टाकलेली लाकडे), फळ्या आणि खालचा चुन्याचा गिलावा मिळून चौरस मीटरला 150 किलो. सभेला गर्दी झाली तर आणखी 350 किलो. (आजचे ब्रिटिश नियम सभागृहाला साधारण 400 ते 500 किलो गर्दी धरायला सांगतात, म्हणजे आपण हात राखूनच धरले.) एका तुळईवर मीटरला 1,500 किलो, सगळे मिळून 12 टन. दोन टोकांवर प्रत्येकी 6 टन. मधोमध वाकवणारा जोर 12,000 किलोग्रॅम-मीटर, आणि त्याने लाकडात येणारा ताण दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 200 किलो.

चांगल्या ओकला रोजच्या वापरात याच्या निम्म्याच्या आसपास ताण द्यावा असे आजचा अभियंता म्हणेल. मोडण्याची मर्यादा यापेक्षा बरीच वर आहे, त्यामुळे तुळई मोडणार नाही. पण ती करकरेल, हलेल, आणि वर चालणाऱ्याला पायाखाली लवचीकपणा जाणवेल. तेव्हा मधे खांब मागणारे नगरसेवक मूर्ख होते असे म्हणवत नाही. अंकगणित न करता त्यांनी जे ओळखले असेल ते अंकगणितानेही बरोबर येते.

आता त्याच तुळईच्या पोटाला मधोमध पक्का खांब लावा. वाकवणारा जोर 12,000 वरून 3,000 वर येतो, म्हणजे चौथाई. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, जोराची दिशा उलटते : आधी तुळईचे पोट ताणले जात होते, आता खांबावर तिची पाठ ताणली जाते. कड्या बसवायला खाचा पाठीवरच मारलेल्या असतात. दोन, एकूण भाराच्या आठापैकी पाच भाग, म्हणजे साडेसात टन, त्या एकट्या खांबावर येतात आणि टोकांना प्रत्येकी सव्वादोन टनच उरतात. मधला खांब अशा वेळी नुसता मदतनीस राहत नाही, घरातला मुख्य कर्ता होतो. त्याचा पाया तसा नसेल तर तो खचतो, आणि तो दोन-तीन सेंटिमीटर खचला की भार परत टोकांकडे जातो.

फट राहिलीच कशी

गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कुणीच हे विचारत नाही. लाकडी तुळई बांधल्या दिवशी जिथे असते तिथे राहत नाही. वरच्याच उदाहरणात फक्त जमिनीच्या वजनाने, गर्दी नसताना, तिला लगेच 22 मिलिमीटर झोल येतो. मग लाकूड हळूहळू सैलावते आणि काही वर्षांत हा झोल दुपटीच्या आसपास जातो, म्हणजे 45 मिलिमीटर. लाकूड ओले असेल तर जास्तच. आणि ते ओलेच असायचे : ओक हवेत सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागते, बारा इंची तुळईसाठी बारा वर्षे कोण थांबणार? ओल्या लाकडातच कुसू (खाचेत बसणारे टोक), खाचा आणि लाकडी खिळ्या करून ते चढवत.

मग जमीन घातल्याबरोबर आखूड खांब उभे केले असते आणि फट बोटभर ठेवली असती, तर पाच-दहा वर्षांत तुळईनेच खाली येऊन ती बुजवली असती. रेनचा खोडकरपणा त्यांच्या हयातीतच फसला असता. फट टिकली आहे, याचा अर्थ पुढीलपैकी काहीतरी.

वरची जमीन आपल्या उदाहरणापेक्षा खूप ताठ असू शकते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुतारांना हे जमत होते. जमीन नुसती तुळईवर न ठेवता छपराच्या कैचीतून (लाकडांच्या त्रिकोणी सांगाड्यातून) खाली टांगायची, किंवा वरच्या मजल्यावरच्या लाकडी आडभिंतीतच कैची लपवायची. खुद्द रेननी ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन थिएटरचे छत 70 फूट विनाआधार नेले. इतक्या लांबीचे लाकूड मिळत नाही, म्हणून लहान तुकडे एकमेकांत गुंतवून तुळया केल्या, आणि त्या छताच्या वर विद्यापीठाच्या छापखान्याची पुस्तके साठवली. ज्याने हे केले त्याला विंडसरची रुंदी म्हणजे काहीच नव्हे.

दुसरी शक्यता, खांब बरेच नंतर आले. झोल येऊन थांबल्यानंतर कुणाला भीती वाटली, आणि झोलाखाली मोजून खांब बसवले. तसे असेल तर फट थोडीच आणि कायमची राहते.

तिसरी शक्यता अगदी साधी, आणि आमच्या मते तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. दगडी खांबाचा माथा आणि लाकडी तुळई यांच्यामध्ये सुतार नेहमी लाकडाची ठोकळी किंवा पाचरी घालतो. दगड आकसत नाही, लाकूड आकसते. पाचरी सैल झाल्या, निघाल्या, कुजल्या किंवा रंगकाम करताना कुणी काढून टाकल्या, की फट उरते. खांब थोडा खचला तरी तेच. आंध्रातल्या लेपाक्षीच्या मंदिरात खांबाखालून कापड सरकवून दाखवतात. तिथे फट पायाशी आहे, इथे डोक्याशी, पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच : हा खांब कधी टेकलेला होता का?

तपासणी कोणत्या क्रमाने

आधी कागद. नगरपालिकेच्या जमाखर्चात खांबांच्या दगडाची नोंद इमारतीच्या कामाबरोबर येते की वेगळ्या वर्षी, एवढे कळले तरी निम्मे उत्तर मिळते.

मग काहीही न फोडता होणारी मापे. प्रत्येक खांबाच्या माथ्यावरची फट चारही बाजूंनी पातळ पट्ट्यांच्या गेजने मोजायची. चारही बाजूंना सारखी असेल तर खांब मुद्दाम आखूड केलेला असण्याची शक्यता वाढते. एका बाजूला जास्त असेल तर खांब कलला आहे किंवा छत तिरपे आहे. सगळ्या खांबांवर सारखी असेल तर जमिनीचा खच हे कारण जवळजवळ बाद, कारण माती इतकी शिस्तीने खचत नाही. त्यानंतर लेझर लेव्हलने छताचे पोट आणि वरच्या खोलीची जमीन एकाच जाळीवर मोजून घ्यायची. छत मधे खाली आले आहे का, किती? आणि खांब ओळंब्यात आहेत का?

खांबाच्या माथ्याचा वरचा पृष्ठभाग आरसा आणि बारीक कॅमेऱ्याने पाहावा. भार घेण्यासाठी घडवलेला दगड वरून सपाट, टाकीने नीट केलेला असतो. कधीच भार न घ्यायचा असेल तर पाथरवट तिथे वेळ घालवत नाही. जुन्या पाचरीचा डाग, चुन्याचा थर, लोखंडी खिळ्याचे भोक यांपैकी काही दिसले तर तो मोठा पुरावा.

इथपर्यंत परवानगी लागत नाही. पुढे लागते. ही इमारत ग्रेड वन सूचीतली आहे, म्हणजे इंग्लंडच्या संरक्षित इमारतींपैकी वरच्या अडीच टक्क्यांतली, आणि 1990 च्या कायद्याने तिच्या रूपात परवानगीशिवाय फेरफार करणे हा गुन्हा आहे. छताला कॅमेऱ्यासाठी 12 मिलिमीटरचे भोक पाडायचे तरी आधी विचारावे. परवानगी मिळाली की तुळयांची टोके पाहायची, मध्य नव्हे. भिंतीत घुसलेल्या टोकालाच ओल लागते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण, आणि ओलसर ओकमध्ये लाकूड पोखरणारा डेथवॉच भुंगेरा. बारीक सुईने लाकूड टोचत विरोध नोंदवणारे यंत्र भिंतीच्या तोंडाशी तिरपे लावले तर आतली पोकळी कळते. वरून धडधाकट दिसणाऱ्या तुळईचे भिंतीतले टोक भुसा झालेले निघू शकते.

लाकडाचे वय वलयांवरून काढता येते, पण त्यासाठी आठ-दहा तुळयांचे नमुने हवेत आणि निदान एकाला सालीलगतचे लाकूड असावे. साल आणि बाहेरचे लाकूड तासून टाकलेले असेल तर तोडीचे वर्ष नेमके मिळत नाही. इंग्लिश ओकसाठी गेलेल्या बाहेरच्या लाकडाची 9 ते 41 वलये धरून अंदाज बांधावा लागतो. 1687 आणि 1720 यांतला फरक त्या अंदाजातच बुडू शकतो. दगडी खांबांचे वय यातून मुळीच कळत नाही. त्यासाठी एका खांबाच्या पायाशी छोटा खड्डा : कडेच्या खांबांचा पाया आणि आतल्या खांबांचा पाया यांची खोली, दगड आणि चुना सारखे आहेत का? नसतील, तर काम वेगवेगळ्या वेळचे.

फट भरली तर

हे करावेसे वाटणारा कुणी ना कुणी येतोच. सिमेंटचा मसाला दाबून भरला, किंवा पोलादी पाचरी ठोकल्या, की ‘आता भक्कम’. त्या दिवशी काही होत नाही. पुढच्या गर्दीच्या कार्यक्रमाला तुळई खाली यायला जाते आणि तिला खांब आडवा येतो. उदाहरणातल्या आकड्यांनुसार गर्दीचा भार तुळईवर मीटरला 1,050 किलो, एकूण 8.4 टन, त्यातले सव्वापाच टन आता खांबावर. पाया उथळ असेल तर फरशी खांबाभोवती तडकते. पाया खोल निघाला तर त्रास वर : तुळईची पाठ खाचांशी उघडते आणि वरच्या खोलीच्या जमिनीत खांबाच्या बरोबर वर भेग येते. आणि जमीन खरोखर छपरातून टांगलेली असेल, तर टांगणाऱ्या लाकडांवरचा ताण कमी होऊन त्यांचे सांधे सैल होतात. ते सांधे छपराच्या अंधारात असतात. बिघडलेले कळायला वर्षे जातात.

विटांच्या दरजांबाबतही तोच लोभ असतो. चुन्याच्या जागी सिमेंट भरले की ओल दरजेतून बाहेर पडायची थांबते, विटेतून पडू लागते, आणि थंडीत विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. उघड्या दालनाच्या खांबांचे पाय, जिथे जमिनीतले क्षार वर चढतात, तिथे हे आधी दिसते.

वरच्या खोलीची बदललेली कामे

पुतळ्यांचा उल्लेख न करून चालणार नाही. उत्तर टोकाला राणी ॲन, 1707 मध्ये, तिच्या हयातीत. खाली लॅटिन ओळी : शिल्पकारा, तुझ्या कलेला ॲनची नक्कल साधणार नाही, तिच्यासारखी मूर्ती हवी तर देवताच घडव. दक्षिणेला तिचा नवरा, डेन्मार्कचा जॉर्ज, 1713 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. तो पुतळा रेनच्या मुलाने, धाकट्या ख्रिस्तोफरने दिला. आणि त्याच वर्षी तो विंडसरमधून पार्लमेंटवर निवडून आला. योगायोग म्हणायचा की नाही ते वाचकाने ठरवावे. 1829 मध्ये मागच्या बाजूला रॉबर्ट टेबट यांनी इमारत वाढवली.

जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल अलीकडचा आहे. 1994 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये नोंदणी कार्यालयाबाहेरच्या मान्यताप्राप्त जागी नागरी विवाह करता येऊ लागले. 2005 मध्ये प्रिन्स चार्ल्स आणि कॅमिला यांचे लग्न आधी किल्ल्यातच ठरले होते. पण किल्ल्याला परवाना घेतला असता तर तो तीन वर्षे चालला असता, आणि तेवढा काळ कुठल्याही जोडप्याला तिथे लग्न मागता आले असते. म्हणून 9 एप्रिल 2005 रोजी लग्न गिल्डहॉलमध्ये लागले. त्याच वर्षी 21 डिसेंबरला, इंग्लंडमध्ये समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, एल्टन जॉन आणि डेव्हिड फर्निश यांची नोंदणीही इथेच झाली. नंतर, 2011 मध्ये, इमारतीत गावाचे संग्रहालय आले.

न्यायालयात माणसे बसतात, लग्नात उभी राहतात, आणि पार्टी असेल तर नाचतात. तालावर पडणाऱ्या पावलांचा जमिनीवरचा परिणाम त्याच वजनाच्या बसलेल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त, कारण लांब लाकडी जमिनीची स्वतःची लय नाचाच्या लयीच्या जवळ येऊ शकते. अशा खोलीला माणसांची कमाल संख्या ठरवताना दरवाजे आणि जिने किती माणसे बाहेर काढतील हे पाहिले जाते. त्याबरोबर कार्यक्रम कोणता हेही लिहिलेले असावे. काचेची जड कपाटे ठेवायची तर ती भिंतीलगत, तुळयांच्या टोकांजवळ, मधोमध नव्हे.

देखभालीच्या वहीत फटीचे पान वेगळे ठेवावे. प्रत्येक खांबाच्या चार बाजू, वर्षातून दोनदा, फेब्रुवारीच्या ओलीत आणि ऑगस्टच्या कोरड्यात, खोली रिकामी असताना; आणि एकदा खोली भरलेली असताना. रिकामी आणि भरलेली यांतला फरक दरवर्षी तोच यायला हवा. तो वाढू लागला, तर पहिल्यांदा तुळईच्या भिंतीतल्या टोकांकडे जावे आणि त्या दिवसापासून वरचा नाच बंद ठेवावा.